४० अंशांचा खांदा

विंचेस्टर कंपनीची १८९४ सालची रायफल आपल्याकडे ओळखीची आहे ती सिनेमामुळे. चापाभोवतीची लोखंडी कडी, म्हणजे लिव्हर, खाली झटकायची, पुन्हा वर आणायची. रिकामी पुंगळी उडते, नवं काडतूस आत बसतं आणि नायक घोड्यावरूनच पुढचा बार काढतो. १८७०च्या दशकात घडणाऱ्या कथांमध्ये वीस वर्षांनंतरच्या रायफली बिनदिक्कत दिसतात, आणि त्याला कुणी हरकत घेत नाही. प्रत्यक्षात ही रायफल गुराख्यांपेक्षा कितीतरी जास्त रमली ती पेनसिल्व्हेनिया, मेन, मिशिगन, विस्कॉन्सिन असल्या जंगली राज्यांतल्या शेतकऱ्यांच्या, लाकूडतोड्यांच्या आणि कामगारांच्या घरी. हरणांचा हंगाम आला की ती भिंतीवरून खाली यायची, आणि हंगाम संपला की पुन्हा तेल पुसून भिंतीवर.

जॉन मोझेस ब्राउनिंगने ही रायफल आखली तेव्हा काळी दारू अजून चलनात होती. १८९५ साली कंपनीने तिच्यासाठी थर्टी-थर्टी हे काडतूस आणलं. ०.३० इंच व्यासाची गोळी, ३० ग्रेन धूरविरहित दारू, असा नावाचा साधा हिशोब. धूरविरहित दारू डोळ्यांसमोर ठेवून शिकारीसाठी काढलेलं अमेरिकेतलं हे पहिलं बारीक व्यासाचं काडतूस. १७० ग्रेनची, म्हणजे सुमारे ११ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण २,२०० फूट वेगाने जाते. झाडीत शंभर-दीडशे यार्डांवर उभ्या असलेल्या हरणाला एवढं पुरतं. रायफल इतकी खपली की १९२७ साली दहा लाखावी रायफल राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली गेली. आजवरचा आकडा ७० लाखांच्या वर आहे.

म्हणजे काम भागत होतं. तरीही गेली शंभर वर्षं काही माणसं या काडतुसाची मापं बदलण्यात गढलेली आहेत. घरामागच्या शेडमध्ये एक लेथ, टेबलाला घट्ट बोल्ट केलेला एक हातप्रेस, ग्रेनमध्ये मोजणारा तराजू आणि पितळी पुंगळ्यांचे डबे, एवढ्या सामानावर त्यांनी कारखान्यांना न सुचलेली किंवा न परवडलेली काडतुसं तयार केली. हे पुस्तक त्यांच्या या कामाबद्दल आहे. पुढची प्रकरणं वाचायला घेण्याआधी त्या कामाची पार्श्वभूमी आणि त्याबद्दलचं माझं थोडं रोखठोक मत इथे मांडतो.

काडतूस घरी भरणं ही अमेरिकेत नवलाची गोष्ट नाही. बार उडाल्यावर गोळी जाते, दारू जळते, बुडातली ठिणगी पाडणारी टोपी निकामी होते; पितळेची पुंगळी मात्र शाबूत राहते, आणि काडतुसाच्या घटकांत सर्वांत महाग तीच. ती फेकून देणं काटकसरी माणसाला पटत नाही. एकोणिसाव्या शतकात विंचेस्टर स्वतःच भरणीची अवजारं विकत असे, आणि १८८४ साली जॉन बार्लो यांनी सुरू केलेल्या आयडियल कंपनीची चिमट्यासारखी हातयंत्रं खेडोपाडी पोचली होती. खरी भरती आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. लष्कराकडे उरलेली दारू कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी घाऊक भावाने उचलली आणि शिकाऱ्यांना स्वस्तात विकायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलला फ्रेड हंटिंग्टन प्रेस आणि डाय बनवू लागले, आयडाहोत व्हर्नन स्पीअर आणि नेब्रास्कात जॉइस हॉर्नडी गोळ्या. दारू, गोळी, टोपी, डाय सगळं टपालाने घरपोच. युद्धावरून परतलेल्या, यंत्रांवर हात बसलेल्या हजारो तरुणांना आणखी काय हवं होतं!

कारखान्यात न बनणाऱ्या, कोणत्याही कंपनीचं नाव नसलेल्या काडतुसाला तिथे वाइल्डकॅट म्हणतात. जुन्या पुंगळीची मान दाबून बारीक करायची किंवा फुलवून मोठी करायची, मानेखालचा उतार, म्हणजे खांदा, पुढेमागे सरकवायचा, लांबी कापायची, असे त्याचे प्रकार. त्यातले बहुतेक जन्मले आणि त्यांच्या जनकाबरोबरच संपले. थोडे कंपन्यांनी दत्तक घेतले: रेमिंग्टनने १९६५ साली .२२-२५० आणि १९६९ साली .२५-०६ आपल्या यादीत घेतलं, तेव्हा दोन्ही काडतुसांनी कित्येक वर्षं वाइल्डकॅट म्हणून काढली होती.

या सगळ्या गर्दीत ‘इम्प्रूव्हड’ नावाची एक वेगळी शाखा आहे, आणि लिव्हरच्या रायफलीशी तिचं गोत्र विशेष जुळतं. तिचा सर्वांत मोठा माणूस पार्कर ओटो ॲक्ली. १९०३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रॅनव्हिलला जन्म. १९३६ साली ओरेगनमधल्या रोझबर्गला जाऊन त्याने बंदुकांचं दुकान घेतलं, युद्धानंतर कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडला नळ्या बनवल्या आणि तिथल्या ज्युनियर कॉलेजात बंदुकीचं काम शिकवलं. पुढे तो सॉल्ट लेक सिटीला गेला. १९६२ आणि १९६६ साली निघालेले त्याच्या हँडबुकाचे दोन खंड आजही या छंदातल्या माणसाच्या फळीवर असतात. ॲक्लीची वृत्ती कारागिराची होती, आणि मोडून पाहिल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास बसत नसे. लष्करी रायफली फुटेपर्यंत दारू वाढवत नेऊन त्याने त्यांची ताकद तपासली. त्यात जपानी अरिसाका सर्वांना पुरून उरली, तेव्हा युद्धातल्या शत्रूची बंदूक म्हणून तिला नावं ठेवणाऱ्यांची पंचाईत झाली.

त्याची कल्पना अशी. जुन्या काडतुसांच्या पुंगळ्या बुडाकडून खांद्याकडे निमुळत्या होत जातात आणि खांदा उतरता असतो. थर्टी-थर्टीचा तर जेमतेम १५-१६ अंशांचा. काळ्या दारूच्या दिवसांत चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत, काजळीचा थर बसायचा, तेव्हा निमुळती पुंगळी सहज आत जावी आणि सहज बाहेर निघावी म्हणून ही ठेवण योग्य होती. धूरविरहित दारूला तिची तितकी गरज नाही. मग पुंगळीच्या भिंती जवळजवळ सरळ केल्या आणि खांदा ४० अंशांचा केला, तर आत थोडी जास्त जागा मिळते. रायफल तीच, गोळी तीच, नळीचा व्यास तोच. रीमर हे भोक रुंदावायचं हत्यार घेऊन फक्त चेंबर थोडा मोठा करायचा.

यातली खरी हुशारी पुढे आहे. थर्टी-थर्टीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. ती चेंबरच्या तोंडाशी टेकते, आणि काडतूस किती आत जायचं ते तीच ठरवते. खांद्याला त्यात मत नाही. त्यामुळे खांदा कितीही पुढे नेला तरी दुकानातलं साधं काडतूस या सुधारित चेंबरमध्ये बसतं, उडतं, आणि उडताना पितळ फुगून नव्या मापाचं होऊन बाहेर पडतं. डोंगरातल्या एखाद्या गावात भरलेली काडतुसं संपली, तर किराणा दुकानातला थर्टी-थर्टीचा डबा चालतो. सॅव्हेज ९९ सारख्या रायफलीतल्या बिनकडेच्या काडतुसांना हे सुख नाही. तिथे खांदाच टेकू असतो. म्हणून ॲक्लीने त्यांच्यासाठी चेंबर मूळ मापापेक्षा इंचाच्या ४ हजारांश भागाने आखूड ठेवायचा नियम केला, म्हणजे जुनं काडतूस मानेच्या मुळाशी किंचित चेपून घट्ट बसतं आणि बार उडताना मागे सरकत नाही. ज्या कारागिरांनी हा नियम पाळला नाही त्यांच्या ‘इम्प्रूव्हड’ चेंबरांनी बऱ्याच पुंगळ्या फाडल्या, आणि दोष उगाच ॲक्लीच्या नावावर पडला.

दोन पुंगळ्या शेजारी ठेवून पाहा. दोन्ही साधारण २ इंच लांब. कारखान्यातून आलेली बाटलीसारखी उतरत्या खांद्याची, मानेजवळ निळसर-तपकिरी झाक असलेली. ती झाक म्हणजे मान भाजून मऊ केल्याची खूण. चेंबरमधून फुगून निघालेली दुसरी पुंगळी अंगाने सरळ, आणि खांदा एवढा ताठ की बोटाच्या नखाला धार लागते. मानेवर काजळी. हिच्याकडे पाहताना अनुभवी माणूस खांदा पाहत नाही, बूड पाहतो. कडेच्या थोडं वर, भिंत जाड होते तिथे, एखादं फिकट चकचकीत वळं उमटलं आहे का? उमटलं असेल तर तिथे आतून पितळ ताणून पातळ झालंय आणि पुढच्या एखाद्या बाराला पुंगळी त्याच रेषेवर दोन तुकडे होणार. खात्री करायला टोक वाकवलेली तार आत घालून भिंतीवरून वर ओढतात. आत खाच पडली असेल तर तार अडखळते. एवढी साधी तार मला या सगळ्या छंदातलं सर्वांत मोलाचं अवजार वाटते.

पितळ हा या विषयाचा गाभा आहे, आणि तो मराठी वाचकाला परका नाही. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. ते ओढलं, ठोकलं, दाबलं की कडक होत जातं आणि शेवटी तडकतं. तापवलं की पुन्हा मऊ पडतं. पुण्याच्या तांबट आळीत हंडा घडवणारा कारागीर काही घावांनंतर भांडं पुन्हा भट्टीत का धरतो, हे ज्याने पाहिलं आहे त्याला पुंगळीची मान का भाजावी लागते हे वेगळं शिकवावं लागणार नाही. फरक इतकाच की हंड्याला बूड आणि कड दोन्ही मऊ चालतात, पुंगळीला चालत नाहीत. मान मऊ हवी, बूड कडकच राहिलं पाहिजे. बुडापर्यंत आच पोचली तर ती पुंगळी भंगारात.

या मानेच्या गोष्टीचा एक धागा थेट हिंदुस्थानातून जातो. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवून ठेवली जात, आणि पाऊस सरल्यावर बाहेर काढली की पुष्कळशी तडकलेली निघत, बहुतेक ठिकाणी गोळी आवळलेल्या मानेशी. वर्षानुवर्षं याचं कारण कळेना. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी ते उलगडलं: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि थंड अवस्थेत ओढलेल्या पितळात कोंडलेला ताण, हे दोन्ही एकत्र आले की पितळ चिरतं. उपाय म्हणजे मान भाजून तो ताण काढून टाकणं. आज जगात कुठेही काडतुसाच्या मानेवर ती निळसर झाक दिसते, तिच्या मागे आपला पावसाळा आणि आपले तबेले आहेत. अमोनिया असलेलं पितळ उजळवायचं द्रव पुंगळ्यांना लावू नये, असं भरणीची पुस्तकं आजही बजावतात ते याच कारणाने.

आता ॲक्लीच्या ज्या प्रयोगाने त्याला नाव मिळवून दिलं आणि ज्याचा सर्वांत जास्त गैरसमज झाला, त्याकडे येऊ. १८९४ची रायफल मागच्या बाजूने अडकते. चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टच्या मागे एक उभी पोलादी पट्टी वर सरकते आणि बाराचा धक्का झेलते. पुढच्या बाजूने, चेंबरच्या तोंडाशीच अडकणाऱ्या माउझर पद्धतीच्या बोल्टपेक्षा ही रचना कमी ताठ. बार उडाला की बोल्ट आणि चौकट क्षणभर किंचित ताणतात. थर्टी-थर्टीचा दाब म्हणूनच कमी ठेवलेला आहे. त्याची अधिकृत मर्यादा चौरस इंचाला ४२,००० पौंड, तर .३०८ विंचेस्टरची ६२,०००. ॲक्लीचं म्हणणं होतं की निमुळती पुंगळी पाचरीसारखी मागे ढकलली जाते आणि बोल्टवर आदळते. सरळ भिंतीची पुंगळी चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते, त्यामुळे बोल्टवरचा भार कमी होतो. ते दाखवण्यासाठी त्याने सुधारित चेंबरची नळी चौकटीतून थोडी बाहेर फिरवून बार केले, आणि शेवटी ती अडकवणारी पट्टीच काढून टाकून बार केला. पुंगळी जागची हलली नाही. बाहेर सरकली ती फक्त टोपी.

प्रयोग खरा, निष्कर्षही त्याच्या मर्यादेत खरा. पण वाचणाऱ्यांनी त्यातून काढलेला अर्थ घातक होता: बोल्टवर भार येत नाही, तर मग दारू वाढवायला हरकत काय? हरकत अशी की पुंगळीने भिंत धरणं हे चेंबर कोरडा असण्यावर अवलंबून आहे. तेलाचा हात पुसायचा राहिला तर ती पकड गेली. दुसरं, दाब वाढल्याच्या ज्या खुणा माणूस शोधतो, म्हणजे बोल्ट जड उघडणं, टोपी चपटी होणं, त्या या आकारात उशिरा दिसतात. दाब तर असतोच, तो फक्त बोलत नाही. आणि तिसरं, नळीचा चेंबरजवळचा भाग आणि १९०० सालच्या आसपासचं पोलाद यांना पुंगळीच्या आकाराशी काही देणंघेणं नसतं. सुधारणा काडतुसात झाली आहे, रायफलीत नाही. हे एवढं वाक्य डोक्यात पक्कं बसलं तर पुढची अर्धी प्रकरणं समजली असं मी समजेन.

लिव्हरच्या रायफलीची आणखी एक अडचण लोक विसरतात. बोल्टच्या रायफलीत हँडल वर उचलताना पुंगळी पिळून मोकळी होते. लिव्हरला ती ताकद बेताची. निमुळता आकार काढून टाकला की पुंगळी सहज सुटण्याची सोयही थोडी जाते. म्हणजे ॲक्लीने भिंती सरळ करून एक गोष्ट मिळवली आणि दुसरी थोडी गमावली. जो माणूस दाब ताब्यात ठेवतो त्याला हे जाणवतही नाही. जो ठेवत नाही त्याची लिव्हर बाराच्या नंतर जड होते, आणि ती जड लिव्हर हीच त्याला मिळणारी एकमेव सूचना असते.

नळीसारख्या मॅगझिनचा विषय थोडक्यात आटोपतो, कारण तो बहुतेकांना माहीत असतो. बंदुकीच्या नळीखाली काडतुसं एकामागे एक रांगेत असतात, प्रत्येकाच्या गोळीचं टोक पुढच्याच्या टोपीवर. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने टोपी उडू शकते, म्हणून गोळ्या चपट्या तोंडाच्या. चपटी गोळी हवेत वेग लवकर गमावते. शिवाय मॅगझिनची स्प्रिंग आणि बाराचा झटका मिळून गोळी पुंगळीत आत ढकलू पाहतात. तसं झालं तर आतली जागा कमी होऊन दाब चढतो. म्हणून पुंगळीचं तोंड गोळीवरच्या खोबणीत आवळावंच लागतं. बोल्टच्या रायफलीवर भरणी शिकलेला माणूस नेमकं इथे आळस करतो.

या अडचणीतून सुटका शोधणारा एक माणूस विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच होऊन गेला. जमैकातल्या किंगस्टनला जन्मलेला आर्थर सॅव्हेज. त्याच्या १८९९च्या रायफलीत, म्हणजे वर आलेल्या सॅव्हेज ९९मध्ये, काडतुसं नळीत नसून फिरत्या चक्रात बसत, त्यामुळे अणकुचीदार गोळी चालत असे. तिच्यासाठी चार्ल्स न्यूटनने १९१५ साली एक काडतूस आखलं. न्यूटनला १०० ग्रेनची गोळी हवी होती. कंपनीला मात्र जाहिरातीत ‘सेकंदाला ३,००० फूट’ लिहायचं होतं, म्हणून गोळी ८७ ग्रेनवर आणली आणि काडतुसाच्या नावातच ३,००० घातले. शिकाऱ्याला जड गोळी जास्त उपयोगी पडली असती, पण आकडा विकला गेला. या छंदाचा आणि त्या धंद्याचा हा जुनाच रोग आहे.

त्या रोगावर औषध म्हणून एक ढोबळ नियम सांगतो. दाब तेवढाच ठेवला तर पुंगळीतली जागा जितके टक्के वाढते त्याच्या साधारण एक चतुर्थांश टक्के वेग वाढतो. जागा १० टक्के वाढली असं धरलं तर वेग वाढेल अडीच टक्के: २,२०० फुटांचे २,२५५. एवढ्यासाठी जुन्या विंचेस्टरचा चेंबर कायमचा खरवडायचा, आणि १९६४च्या आधीची रायफल असेल तर तिची संग्राहकाकडची किंमत घालवायची! काही वाइल्डकॅटांबद्दल छापून आलेले २००-३०० फुटांचे दावे वाचले की दोनच शक्यता उरतात: वेग मोजलेलाच नव्हता, किंवा दाब वाढवला होता. ॲक्लीच्या उमेदीच्या काळात वेग मोजायचं यंत्र घरोघरी नव्हतं. ते स्वस्त झालं आणि टेबलावर आलं, तेव्हा कित्येक दंतकथा एका दुपारी निकालात निघाल्या.

मग इम्प्रूव्हड काडतुसाचा फायदा काय? माझ्या मते एकच, आणि तो जाहिरातीत शोभत नाही: पुंगळी जास्त टिकते. निमुळत्या, उतरत्या खांद्याच्या पुंगळीचं पितळ प्रत्येक बाराला मानेकडे सरकतं, लांबी वाढते, कापावी लागते, भिंत पातळ होते. ४० अंशांचा खांदा हा ओघ अडवतो. ज्याला एकाच रायफलीसाठी वर्षानुवर्षं त्याच पुंगळ्या भरायच्या आहेत, त्याच्या दृष्टीने हे पुरेसं कारण आहे. वेगाच्या मागे लागणाऱ्याने आधीच मोठं काडतूस असलेली रायफल विकत घ्यावी. ते स्वस्त पडतं आणि सुरक्षितही.

रायफलीची मर्यादा ओळखून काम केलं तर काय साधतं, याचं सर्वांत देखणं उदाहरण केन वॉटर्स यांचं. काडतूसभरणीवर आयुष्यभर लिहिणारा हा लेखक १९७६ साली थर्टी-थर्टीच्याच पुंगळीकडे वळला. त्याने दाबाशी झटापट केली नाही. मान ७ मिलिमीटरवर आणली, हलकी गोळी घेतली, म्हणजे दाब फारसा न वाढवता वेग वाढला आणि मार्ग सपाट झाला. विंचेस्टरने १९८४ साली ७-३० वॉटर्स या नावाने ते स्वीकारलं. कारखान्याच्या भरणीत १२० ग्रेनची गोळी २,७०० फुटांनी जाते. गंमत अशी की लिव्हरच्या रायफलीत ते फारसं रुजलं नाही आणि एकेरी बाराच्या थॉम्प्सन कंटेंडर पिस्तुलात लोकप्रिय झालं. पण त्यामागचा विचार निर्मळ होता.

दुसरं टोक अलास्कात सापडतं, आणि मला तेच जास्त आवडतं. केनाई द्वीपकल्पावरच्या कूपर लँडिंगजवळ राहणाऱ्या हॅरल्ड जॉन्सनला सॅमन माशांच्या नद्यांवर येणाऱ्या तपकिरी अस्वलांसाठी काहीतरी हवं होतं. झुडपात दहा पावलांवर अस्वल उठलं तर चटकन दुसरा बार देणारी, खांद्यावर वागवायला सुटसुटीत रायफल हवी, म्हणजे लिव्हरचीच. त्याने १९३५ साली बाजारात आलेली विंचेस्टर ७१ घेतली. ही ब्राउनिंगच्या १८८६च्या रायफलीची सुधारलेली आवृत्ती, दोन उभ्या पट्ट्यांनी अडकणारी, १८९४पेक्षा बरीच दणकट. तिचं .३४८ काडतूस घेऊन जॉन्सनने भिंती सरळ केल्या आणि मान .४५ इंचांपर्यंत फुलवली. हे .४५० अलास्कन, १९५०च्या दशकातलं. पुढे त्याने व्यास .५० इंचांवर नेला. एवढ्या व्यासाच्या शिकारी गोळ्या बाजारात नव्हत्या, तेव्हा त्याने लष्करी मशीनगनच्या ७२० ग्रेनच्या गोळ्या कापल्या आणि मागचा ४५० ग्रेनचा भाग उलटा बसवून भरला. चपट्या तोंडाची जड गोळी आपोआप तयार झाली, नळीच्या मॅगझिनला सोयीची, आणि अस्वलाच्या देहात कोणत्याही कोनातून खोल जाणारी. .३४८ची पुंगळी मुळात काळ्या दारूच्या काळातल्या .५०-११० या जाड्याजुड्या काडतुसावरून बेतलेली होती. जॉन्सनने फिरवून फिरवून ती जवळपास जुन्या व्यासावर नेऊन ठेवली. वेगाचा विक्रम नाही, आकड्यांची आतषबाजी नाही. नदीकाठच्या एका माणसाची गरज आणि तिला बरोबर बसणारं उत्तर.

कारखाने गप्प बसले नाहीत. २००५-०६च्या सुमारास हॉर्नडी कंपनीने लवचीक प्लास्टिकच्या टोकाची गोळी आणली. टोक अणकुचीदार, पण टोपीवर दाबलं तर दबतं. तिच्या जोडीला मार्लिन कंपनीने लिव्हरसाठी .३०८ मार्लिन एक्स्प्रेस आणि पुढे .३३८ मार्लिन एक्स्प्रेस काढलं. साधी थर्टी-थर्टी या गोळीने दूरवर जेवढी सुधारते तेवढी चेंबर खरवडून कधीच सुधारली नसती. म्हणून आज कुणी विचारलं, की रायफल इम्प्रूव्हड करून घेऊ का, तर नव्वद टक्के वेळा उत्तर ‘नको’ असंच द्यावं लागतं. पुस्तकाने हा विषय गौरवाने मांडला आहे. मी थोडं पाणी घालतो आहे, लेखकाने राग मानू नये.

मराठीत हे पुस्तक कशासाठी, असं विचारलं जाईल. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा विषय मिटला आहे, आणि तो मिटला हे योग्यच झालं. पण खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासून आहे, भुसावळजवळच्या वरणगावात काडतुसं बनतात. पितळेची वाटी ओढत ओढत तिची पुंगळी करण्याच्या कामावर इथल्या किती घरांनी पोटं भरली. त्या घरांतल्या फिटर-टर्नरना आपल्या हातातल्या वस्तूची ही दुसरी कहाणी वाचायला मिळाली पाहिजे. एका इंचाच्या हजारांश भागाचं महत्त्व त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

दोन सूचना देऊन थांबतो. या पुस्तकात कोणत्याही काडतुसाला किती दारू घालायची याचा आकडा मुद्दाम दिलेला नाही. वाइल्डकॅटच्या भरणीला कारखान्याची चाचणी नसते. एका चेंबरला सोसणारा आकडा दुसऱ्याला सोसेलच असं नाही, आणि छापील आकडा पाठ करून माणसं बोटं गमावतात. भारतात तर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हाच आहे, तेव्हा इथल्या वाचकाने हे वाचनापुरतंच ठेवावं.

जे अमेरिकेत राहतात आणि ज्यांच्या हाती खरोखर अशी जुनी रायफल आली आहे, त्यांनी ती वापरण्याआधी चेंबरचा साचा काढून मापं तपासून घ्यावीत. आधीच्या मालकाने रीमर फिरवून कुणाला न सांगितल्याची उदाहरणं कमी नाहीत. आणि स्वतः रीमर फिरवलाच, तर त्याच दिवशी नळीवर नव्या काडतुसाचं नाव ठोकून घ्यावं. रायफल आपल्यानंतर कुणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही.